आबांचा आवाज कुठल्या पार्टिशनात

२७ ऑगस्ट
गणपती बसले. आबांची वाचा गेल्यापासून देवाला घालायचं गाऱ्हाणं कॉम्प्युटरवर लावतो, त्यांच्याच आवाजातलं जुनं रेकॉर्डिंग. ओळीओळीला घरभर सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’. आबा खुर्चीत बसून मान हलवतात.
धाकटा भाऊ बाबल्या मुंबईहून आलाय. “कॉम्प्युटर म्हातारो झालो, नवीन लिनक्स घालतंय.” मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस, म्हटलं.

२८ ऑगस्ट
मी कामाला ओरोसला, तेवढ्यात लावलाच हात. इन्स्टॉलरने विचारलं, पूर्ण डिस्क पुसू? ह्याने दिलं हो. कारण सिस्टीमचं रूट, आपल्या फायलींचं होम, सगळं डिस्कच्या एकाच पार्टिशनात, एकाच कप्प्यात. मागचं लिनक्सही ह्यानेच घातलेलं. तेव्हा म्हणालो होतो, होम वेगळं ठेव. “घरच्या कॉम्प्युटराक कित्याक व्हया?” म्हणे. घे आता. आबांचं गाऱ्हाणं गेलं.
वर तोंड करून सांगतो, “माझ्या फोनात कॉपी आसा.”

२९ ऑगस्ट
कॉपी नाही. “दादा, तो फोन एक्स्चेंजात दिलंय.” दीडशहाणा. डोकं फिरलंय नुसतं. ही म्हणते सणात आरडाओरडा नको. ओरडत नाही, लिहितो.
आबांना सांगितलेलं नाही.

३० ऑगस्ट
जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली. तिच्यावर आता काहीही लिहायचं नाही, उरलंसुरलं पण जाईल. वेंगुर्ल्याचा दुकानवाला बघतो म्हणाला, भरवसा देत नाही.
नवी डिस्क घातली. बाबल्या पाठीमागे उभा. “एकच कर, जागा फुकट जाता.” गप बस, म्हटलं. रूटला पन्नास जीबी, मेमरी कमी पडली तर थोडं स्वॅप, बाकी सगळं होम. उद्या कुणी कितीही वेळा लिनक्स घालो, होमला धक्का नाही. कॉपी मात्र बाहेरच्या डिस्कवर. पार्टिशन वेगळं म्हणजे कॉपी नव्हे, हे एवढं शिकून त्याला कळत नाही.
होममध्ये ‘आबा’ फोल्डर केला. रिकामा.

३१ ऑगस्ट
विसर्जन. गणपती उचलायच्या आधी सगळे सवयीने कॉम्प्युटरकडे बघायला लागले. शेवटी बाबल्याच पुढे झाला. “बा देवा म्हाराजा...” आणि अडकला. रडायलाच लागला. पुढचं मी म्हटलं, आठवलं तेवढं, फार नाही आठवलं. थांबलो तर आबांनी घशातून ‘व्हय’ काढला. म्हणजे त्यांना सगळं कळलेलं आहे.
हिने फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. तो ‘व्हय’ फोल्डरात टाकला. बाहेरच्या डिस्कवरही.
राग गेलेला नाही. उद्या जुनी डिस्क घेऊन वेंगुर्ल्याला. बाबल्या विचारतोय, “मी येव?”