आठ जानेवारीची हजेरी

मॅबरीज फेरी, टेनेसी
२ जुलै १८४५

ती. जेसीदादास,
धाकट्या नेलीचा सा. न. वि. वि. आम्ही इथे ठीक आहोत, तुम्ही सगळे तिकडे ठणठणीत असाल असं धरून लिहिते.

जनरल गेला. बातमी तिकडे पोचलीच असेल आणि ती ऐकून तू काय म्हणालास ते मला इथवर ऐकू आलं, तेव्हा ते कागदावर लिहू नकोस. दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तरी इथे तो शेवटपर्यंत जनरलच राहिला. होरेस तर भट्टीपाशी बसून लहान पोरासारखा रडला. मी हसले नाही, दादा. त्याच्या वडिलांचा, माझ्या सासऱ्यांचा, जन्म जमीनदाराच्या दारात टोपी हातात घेऊन उभं राहण्यात गेला. जनरलनं बड्या पेढीवाल्यांना वाकवलं, लोहाराच्या मताला किंमत आणली, असं होरेस मानतो आणि त्यात फारसं खोटं नाही. आमच्या घरात एकाच माणसाचे दोन जनरल आहेत आणि मी दोघांना एकाच चुलीवर सांभाळते.

आता कामाचं. आठ जानेवारीला, जनरलच्या न्यू ऑर्लिन्सच्या विजयाच्या दिवशी, इथे दरवर्षी तोफ उडते आणि बैल भाजतात. येत्या सोहळ्यासाठी समितीनं ठरवलंय की जनरलच्या हाताखाली लढलेल्या इथल्या सगळ्या शिपायांची हजेरी घ्यायची. माणूस असेल तर तो उठेल, नसेल तर घरचं कुणी उठून तो कुठे आहे ते सांगेल आणि कारकून वहीत लिहून घेईल. त्यांना बाबांचंही नाव हवंय. हॉर्सशूच्या लढाईत नदी पोहून पलीकडच्या होड्या पळवून आणणाऱ्यांतले बाबा, असा भाषणात मोठा थाट करायचाय. आमच्या लाल बांधवांचीही, म्हणजे आपल्या लोकांची, जनरलवर माया होती, असं पुढे म्हणायचंय म्हणे. होरेस परस्पर हो म्हणून बसला. मी म्हटलं, बाबांना विचारल्याशिवाय नाही. तर विचारून कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी
नेली

ताहलेक्वाजवळ, चेरोकी राष्ट्र
१० ऑगस्ट १८४५

चि. नेलीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. मका बरा आहे, मुलं बरी आहेत. पुढचं बरं नाही, तेव्हा बसून वाच.

नाही म्हणजे नाही. बाबांना मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. त्या माणसाच्या सहीनं आम्हाला बंदुकीच्या धाकानं घराबाहेर काढलं. चुलीवरचं भांडं उतरवायला सवड दिली नाही. इकडे पश्चिमेला चालवत आणलं त्या वाटेत आई गेली, तेव्हा जमीन इतकी गोठलेली होती की आम्हा चौघांना कुऱ्हाडीनं खणावं लागलं. तू तिथे नव्हतीस. तुझं लग्न गोऱ्याशी झालं म्हणून तू मागे राहिलीस, त्याबद्दल मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो.

त्यांना जनरलच्या कौतुकाला तोंडी लावायला एक चेरोकी हवाय. बाबांचं नाव त्या सोहळ्यात पुकारलं गेलं, तर मला पत्र लिहू नकोस. होरेसरावांना काय सांगायचं ते तू बघ.

तुझा
जेसी

मॅबरीज फेरी
१६ सप्टेंबर १८४५

ती. दादास,
सा. न. वि. वि. बसून वाचलं. उभी असते तर पडले असते.

बोललास ते बरं झालं. सात वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते. मी नव्हते, हे मला रोज पाणी भरतानासुद्धा आठवतं. पण नाव कुणाचं आहे? नदी तू पोहलास की बाबा? तू त्यांच्याआडून नाही म्हणतोस, होरेस माझ्याआडून हो म्हणतो आणि म्हातारा आपला बसलाय पाइप ओढत, त्याला पत्ताच नाही! दोघंही जनरलसारखेच वागताय, दुसऱ्याला न विचारता त्याचं भलं ठरवताय. हे वाचून तुझा तीळपापड होणार, होऊ दे.

होरेसशी भांडण झालंय. तो म्हणतो, तिथे उठून भलतंसलतं बोललीस तर नाल ठोकायला एक घोडा यायचा नाही. मी म्हटलं, मग खेचरं येतील. तू मात्र बाबांना हे पत्र आणि आधीचं, दोन्ही वाचून दाखव. ते नाही म्हणाले, तर मी समितीच्या दारात जाऊन यादीतून नाव काढून आणेन.

रागावलास तरी आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

नेली

ताहलेक्वाजवळ
२५ ऑक्टोबर १८४५

चि. नेलीस,
आशीर्वाद. वाचून दाखवलं. बाबांनी आधी मला अर्धा तास झापलं, की त्यांच्याबद्दलचं पत्र मी दडपलं. मग खूप वेळ हसले.

ते म्हणतात, नाव पुकारू दे. त्या दिवशी मार्चचं पाणी हाडं फोडत होतं, जनरल अलीकडच्या काठावर कोरडा उभा होता. नदी माझी आहे, ती मी त्याला का देऊन टाकू? पण तू उठायचंस आणि ते सांगतात तेवढंच बोलायचंस. एक शब्द कमी नको. शिवीही नको, ती ते इथे रोज घालतात. स्वतःचं नाव घेऊन त्यांनी सांगितलेलं असं: ऊनोली जिवंत आहे. तो नदी पोहून गेला. ज्याच्यासाठी पोहला, त्याच्याच सहीनं त्याला घराबाहेर काढलं. वाटेत त्याची बायको मेली. तो पश्चिमेला आर्कान्सापलीकडे मका पेरतो.

मला अजून हे पटलेलं नाही. पण म्हाताऱ्यापुढे माझं काय चालणार! घाबरू नकोस. मागचं पत्र जाळून टाक.

तुझा
जेसी

मॅबरीज फेरी
११ जानेवारी १८४६

ती. बाबांना आणि दादास,
नेलीचा सा. न. वि. वि. मी बोलले. एक शब्द कमी नाही.

सोहळ्याचं अंगण गच्च भरलेलं. बाबांचं नाव आलं तशी उठले. आवाज नीट निघाला. कारकुनानं मान खाली घालून काहीतरी खरडलं. काय लिहिलंत म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, पश्चिमेस गेला असं लिहिलंय. मी म्हटलं, गेला नाही, काढला. सांगितलं तेवढं सगळं लिहा. समितीच्या अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. त्यांनी पुढचं नाव पुकारलं, गिडियन टेट. हा लंगडा म्हातारा जनरलचा इतका भक्त, की नातवंडांपैकी तिघांना त्याचंच नाव दिलंय. तो बाकावरून हलला नाही. म्हणाला, त्या दिवशी मी अलीकडच्या काठावर होतो, पलीकडून होड्या आणल्या त्या या बाईच्या बापानं. बाई उभी आहे तोवर मी उठायचा नाही.

मग काय! तोफेवाले ताटकळले, बैल करपायला लागला, बायका कुजबुजायला लागल्या. मी उभी, टेट बसलेला. शेवटी कारकुनानं दौत पुढे ओढली आणि मी एकेक वाक्य पुन्हा सांगत गेले. त्याच्याकडून सगळं मोठ्यानं वाचून घेतलं आणि मगच बसले.

होरेस त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, काल बोलला नाही. जनरलच्या नावानं त्यानं पेला उचलला, पुढच्या वर्षीही उचलेल, त्यात मी पडणार नाही. पण आज सकाळी त्यानं भट्टीतून हाक मारली आणि आईला नक्की कुठे पुरलं ते विचारलं. मला सांगता आलं नाही. सात वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नव्हतं, दादा. माझी हिंमतच झाली नव्हती. आता विचारते. कुठली नदी, कुठला काठ, जवळ कुठलं झाड, सगळं लिही. वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

तुमच्या मायेची आणि उत्तराची वाट पाहणारी,
नेली