सुनसुनियाची दुपार

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून घरात मासे बंद झाले आणि हे सुरू झाले!

आमच्या ओडिशात कोजागिरी झाली की लगेच कार्तिक, तो लागला. महिनाभर मासळी नाही, कांदा नाही, लसूण नाही. ते मी सोसते, दरवर्षीचंच आहे. पण यंदा हे निवृत्त होऊन घरात. सकाळी मी पाला परतत होते तर मागे येऊन उभे. "झाकण ठेवू नकोस. पानं काळी पडतात." सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवला, आपल्याच घरात चूल कुठल्या दिशेला आहे ते गेल्या उन्हाळ्यात कळलं, आणि मला पालेभाजी शिकवतात!

पालेभाजीवर झाकण मी कधीच ठेवत नाही. आज मुद्दाम ठेवलं.

काळी भाजी दोघांनी मुकाट्याने खाल्ली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

माझी दुपार गेली! एवढी वर्षं हे सायकल काढून शाळेला गेले की दार लावायचं, आणि मग घर माझं. रेडिओ लावा, लोळा, शेजारी जाऊन गप्पा हाणा, कोणी विचारायला नाही. आता चप्पल घातली की हाक येते. "कुठे? कशाला? किती वेळ?" मी काय सहलीला निघालेली पोर आहे?

आणि हे स्वतः झोपतही नाहीत. "दिवसा झोपला तो कामातून गेला," म्हणतात. आरामखुर्ची बरोब्बर दारासमोर. मांजरसुद्धा बाहेर जातं ते यांची परवानगी घेऊन.

२० ऑक्टोबर, रविवार

सेबती आली. आमची मासळीवाली. गाडीच्या मागच्या खोक्यात मासळीऐवजी पालेभाजीच्या जुड्या! "मावशी, कार्तिकात मला कोण विचारतंय? कटकातले सगळे लोक एकदम साधू झालेत. मग तळ्याकाठचा पाला खुडते, विकते."

तिची ती मोपेड. मी सहज म्हणून वर बसले. नुसतीच बसले, उभ्या गाडीवर, फाटकाच्या आत. आणि काय सांगू, उतरावंसंच वाटेना.

"शिकवशील?" तोंडातून निघूनच गेलं.

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "दुपारी काठजोडी नदीच्या बांधावर या. पण कार्तिक आहे तोवरच हं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव मासळीवर तुटून पडतं, मग मला मान वर करायला फुरसत नाही."

पौर्णिमा म्हणजे बालीयात्रा! एवढी मोठी जत्रा आपल्या गावात भरते आणि लग्न झाल्यापासून मी ती यांच्या पाठीमागून चालत बघितली आहे. एक फेरी. "धूळ आहे. गर्दी आहे. चल." दहीबडा-आलूदम उभ्या उभ्या, तोही यांच्या पिशव्या सांभाळत. ती परातीएवढी ठुंका पुरी तर दुरूनच. यंदा मी माझी जाणार, माझी बसणार, पोट भरेल तेव्हा उठणार. सेबती म्हणाली, "शिकलात तर पौर्णिमेच्या दिवशी गाडी तुमची."

यांना विचारायला गेले तो माझा मूर्खपणा. "गाडी? या वयात? हाडं गोळा करायला मी येणार नाही." आणि फळा पुसल्यासारखा हात हलवला. संपला विषय! स्वतः जन्मभर सायकलवर. बाकीच्या मास्तरांनी स्कूटरी घेतल्या तेव्हा "धूर करणारी जात" म्हणून नाक मुरडत बसले.

फाटकापाशी सेबतीने सगळं ऐकलं. जाताना एक जुडी माझ्या पदरात टाकली. आंबुशीसारखा पाला, पण चार पानांचा. सुनसुनिया! "सरांना दुपारी वाढा," म्हणाली. चेहरा एकदम साळसूद.

लहानपणी आजी म्हणायची ते आठवलं. रडकं मूल असलं की सुनसुनिया खायला घाला. गप झोपतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पाला तीन पाण्यांतून काढला. तळ्याचा चिखल पानाच्या देठाशी धरून बसतो. मोहरीचं तेल चांगलं धुरावलं, पाच फोडणं, म्हणजे मोहरी-जिऱ्यासारखे पाच दाणे, तडतडलं, सुकी मिरची, मग पाला. पाण्याचा थेंब नाही. झाकण नाही! दोन वेळा उलथला की मुठीएवढा होतो. वर तळलेली बडी, म्हणजे उडदाचा सांडगा, चुरून. भाताचं पाणी निथळेपर्यंत भाजी तयार. याच्याइतकं झटपट आणि इतकं साळसूद दुसरं काही नाही स्वयंपाकात.

हे दोनदा वाढून घेऊन जेवले. "पालेभाजी प्रकृतीला चांगली," मला सांगतात!

मग आरामखुर्ची. मग वर्तमानपत्र तोंडावर. मग घोरणं!! खुर्चीसकट हलत होते. जय सुनसुनिया.

२३ ऑक्टोबर, बुधवार

पहिला धडा. मूठ पिळली. गाडी गेली. मी पण तिच्याबरोबर गेले, पण थोडी उशिरा. सेबती मागून ओरडते आहे, "ब्रेक! मावशी, ब्रेक!" समोर म्हैस. म्हशीनेच अक्कल दाखवली आणि बाजूला झाली.

घरी आले तेव्हा हे डोळे चोळत होते. "चहा?" म्हणाले. लगेच ठेवला. बशीत कप खडखडला तर म्हणाले, "थंडी पडायला लागली." हो हो, पडायला लागली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पडले. बांधाच्या शेवटी वळण आहे तिथे. गुडघा सोलवटला. सेबतीने हळद दाबली, वर मलाच झापलं. "वळणाच्या आधी दाबायचा असतो ब्रेक, नंतर काय आरती ओवाळायची?"

यांना सांगितलं, न्हाणीत घसरले.

हे उठले, धोतर खोचलं, ब्रश घेऊन न्हाणी घासत बसले. शेवाळ नव्हतंच तर काय घासणार! तरी घासली. मग बाजारात जाऊन काथ्याचं पायपुसणं आणलं आणि न्हाणीच्या दारात घातलं. "त्यावर पाय ठेवून जा," म्हणाले.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

पण सोमवारी जाणार.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मेले!

संध्याकाळी तुळशीपुढे मुरुजाची रांगोळी घालत होते, हे मागे येऊन थांबले. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "मासळी?"

सेबतीच्या गाडीच्या खोक्यात वर्षाचे अकरा महिने रोहू आणि कोळंबी असतात, तो वास पातळाला लागणार नाही तर काय होईल! हे जवळ आले, अगदी हळू आवाजात, मुलाने कॉपी केली की करतात तसा आवाज. "तू… कार्तिकात? कुठे जाऊन खातेस?"

मला हसू यावं का रडू! म्हटलं, "जगन्नाथाची शपथ, कार्तिक लागल्यापासून मासा तोंडात घातला असेल तर जीभ झडो." शपथ अगदी खरी. "मग वास?" म्हटलं, "सेबतीच्या जुड्यांना येतो. तिची टोपलीच तशी."

हे आत गेले. पाल्याची जुडी नाकाला लावून उभे राहिलेले मी खिडकीतून बघितले. बराच वेळ उभे होते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

भाजी वाढली. मागून घेतली. झोपले. सुटले बाई!

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. दिवे लावले. गाडी नाही, चूलच चूल.

३ नोव्हेंबर, रविवार

आज बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी! सेबती मागे बसली नाही, दगडावर बसून शेंगदाणे खात होती. वाऱ्याने पदर उडाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मोठ्याने हसले. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका बघत होत्या. बघू देत!

फक्त ते वळण. तिथे अजून पाय खाली टेकते.

यांची झोप हल्ली फार शिस्तीची झाली आहे. जेवले की सरळ खुर्ची. घोरणंसुद्धा वर्गात पाढे म्हणतात तसं एका सुरात. सुनसुनियाचा महिमा.

६ नोव्हेंबर, बुधवार

ऐका! सकाळी हे म्हणाले, "आजपासून पालेभाजी मी करणार."

मी ताप बघायला कपाळाला हात लावला.

केली हो! पाला धुतला, सात पाण्यांतून. फोडणं करपवलं, बडी जाळली, मीठ घालायचं राहिलं ते वरून घातलं. पण झाकण नाही ठेवलं. मला पाट मांडून वाढलं. लग्नानंतर पहिल्यांदा! "अजून घे. तुला दगदग होते. प्रकृतीला चांगली." मी तर पाघळलेच. तीनदा घेतली.

आणि मग डोळे उघडले तेव्हा तुळशीपुढे दिवा लागलेला. हे लावत होते! धडा बुडाला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तेच. यांनी केली, मी खाल्ली, मी झोपले. मीठ आज बरोबर होतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सेबती सकाळी आली. नजर वर करेना. "झोप झाली का, मावशी?" एवढंच विचारलं आणि पदराचं टोक तोंडात धरलं. हिच्या हिशोबात परवापासून दोन जुड्या जातात आमच्या घरी. एक मी घेते. दुसरी कोण घेतं?

मग माझी ट्यूब पेटली. कळलंय यांना! सगळं कळलंय! माझंच औषध मला पाजतात! एवढी प्रेमाने वाढ चालली होती ती यासाठी! आणि मी पाघळले. पाघळले म्हणून जास्त राग येतोय.

थांबा म्हणावं आता.

९ नोव्हेंबर, शनिवार

भाजी भाताखाली दडवली. घास तोंडाशी नेला, चावल्यासारखं केलं, "वा!" म्हटलं. पानावरचं सगळं गाईला घातलं. मग आडवी पडले आणि घोरले. बरं जमलं मला.

थोड्या वेळाने पायांची चाहूल. हे येऊन वाकून बघत होते. यांच्या श्वासाला बडीशेपेचा वास. मग पाय न वाजवता बाहेर. कडी. फाटक. गेले!

परत आले ते उन्हं उतरल्यावर. मी झोपलेलीच होते. दुसरं काय करणार.

कुठे गेले असतील ते सांगायला ज्योतिषी नको. बांधावर. सेबतीला दम भरायला. "खबरदार माझ्या बायकोला गाडीवर बसवलंस तर!" तो काठी उगारल्यासारखा आवाज मला इथे ऐकू येतो आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

आज सेबती आलीच नाही. म्हणजे दम बसला.

झालं. यंदाही एक फेरी, धूळ, चल. गुडघ्यावरची खपली काढत बसले होते. शेजारच्या बायका जत्रेला काय काय घ्यायचं ते बोलत होत्या. मला त्यांच्याकडे जाववेना. एवढंसं मागितलं होतं मी. एक संध्याकाळ! यांच्या भूगोलाच्या पुस्तकात सगळी पृथ्वी मावते, माझी एक गाडी मावत नाही.

रात्री भाताला मीठ घातलं नाही. मुद्दाम. यांनी गुपचूप खाल्ला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पंचुक लागलं. कार्तिकाचे शेवटचे दिवस. ज्याने महिनाभर नियम मोडला तोसुद्धा या दिवसांत मासळीकडे बघत नाही. सगळ्या कटकात मासळीचा वास म्हणून नाही.

हे दुपारी पुन्हा गेले. मी पुन्हा "झोपले". भांडायचंसुद्धा नाही मला आता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी हे आले. सदऱ्याची बाही वर केलेली. कोपर सोलवटलंय. त्यावर हळद.

"काय झालं हो?"

"न्हाणीत घसरलो."

मी जवळ गेले. हुंगलं. पंचुकात, यांच्या सदऱ्याला, मासळीचा वास!

मी न्हाणीच्या दाराकडे बघितलं. म्हटलं, "काथ्या घातलाय ना तिथे?"

यांनी वर्तमानपत्र उघडलं. उलटं. "घातलाय. पण आपल्या न्हाणीला शेवटी एक वाईट वळण आहे. ब्रेक आधी दाबायला हवा. तू त्या दिवशी पाय टेकलास तेच बरं केलंस."

"आणि समोर म्हैस," मी म्हटलं.

"हो. म्हैस." कान लाल लाल. ते एका सुरातलं घोरणं खोटं होतं तर, मागून बांधावर येऊन बघत होते!

आणि जन्मभर नाक मुरडलं ते गाडी येत नव्हती म्हणून! सगळं गाव यांचे विद्यार्थी, यांना शिकवणार कोण?

उद्याची भाजी मी तीनदा मागून घेणार आणि गाढ झोपणार. यांना अजून एक दुपार हवी आहे. मात्र परवा बालीयात्रेला मागे कोण बसणार ते ठरलेलं आहे. मी नाही.