पाच नंबरचा पॉइंट

शेवगाव,
९ जुलै २०२५

प्रिय दया,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असेल कुणाचं ते, आणि तू ते दोन दिवस फ्रिजवर तसंच ठेवलंही असशील. ठेव. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज न वाचता काढून टाकतेस, पण पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहायला बसलोय. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, सांभाळून घे. पेन धरून वर्षं झाली. विषय एकच, बाबांच्या हार्डडिस्कचा. आई गेली त्या आठवड्यात मी घरभर माणसं बसलेली असताना म्हणालो होतो, की ती हार्डडिस्क तुझ्यामुळे बिघडली. ते खरं नव्हतं. आधी एवढं वाच. बाकीचं सवडीने वाचलंस तरी चालेल.

इकडे सगळं तसंच आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे बोलतात, ती त्यांच्यापेक्षा जास्त बोलते. चर्चवर नवे पत्रे टाकले. बाबांची पेटी अजून तिथेच कोपऱ्यात आहे, वाजवणारं कोणी नाही, दोन सूर उंदरांनी खाल्ले. परवा तिच्यावरची धूळ पुसताना तो २०११ चा मे महिना आठवला. तुलाही आठवत असेल. बाबांची कीर्तनं रेकॉर्ड करायला मी त्यांना दुकानात आणून बसवलं होतं, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, रस्त्याचा येतो म्हणून शटर अर्धं खाली. सदरा पाठीला चिकटला तरी म्हातारा हटून बसला, की टाळ पाहिजे, टाळाशिवाय कीर्तन म्हणजे अळणी कालवण. मग टाळ धरायला तुला बसवलं आणि तू उधळ्या पुत्राच्या आख्यानात दोनदा ताल चुकलीस. चार दुपारी बसून अकरा कीर्तनं घेतली आपण. सातव्यात बाबा मधेच थांबले आणि मागे स्टुलावर बसलेल्या आईला म्हणाले, “एस्तेर, घोटभर पानी दे गं, घसा धरला.” मी ते कापणार होतो. आई म्हणाली, राहू दे, काय बिघडतंय.

बाबा गेल्यावर तिला नावाने हाक मारणारं माणूसच उरलं नाही. आपली ती आई, तुझ्या निकिताची आजी, गल्लीची मास्तरीणबाई. शेवटच्या आजारात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, बाबांचा आवाज. मी म्हणालो कुठलं कीर्तन लावू, तर म्हणाली कीर्तन नको, ते पाण्याचं लाव. एवढंच.

आता सांग, कॉम्प्युटर दुरुस्तीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाकडे त्याची दुसरी कॉपी नसावी? गिऱ्हाइकांना मी रोज दम देतो, बॅकअप घ्या, नाहीतर रडत याल. लोका सांगे ब्रह्मज्ञान. एक सीडी चर्चला दिली होती, तिला बुरशी लागली. बाकी सगळं त्या एका हार्डडिस्कमध्ये, आणि ती बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, नगरला तुझ्या घरी, कारण बाबा शेवटी तुझ्याकडे होते. त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्डच गेला होता, सुरू होत नव्हता. मी फोनवर म्हणालो, नवीन मशीन जोडतोय, आईच्या खोलीतच ठेवू, तू फक्त हार्डडिस्क काढून आण. तू म्हणालीस, दादा, मी स्क्रूला हात लावणार नाही, काही तुटलं तर तू मला जिवंत सोडायचा नाहीस. आणि अख्खा डबा आईच्या गोधडीत गुंडाळून एसटीने घेऊन आलीस. करंजी घाट, तिसगाव, ते सगळे खड्डे, आणि डबा मांडीवर. कंडक्टर खाली ठेवा म्हणाला तरी ठेवला नाहीस. स्टँडवर उतरलीस तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या, मी हात धरून तुला रिक्षात बसवलं. हे मी विसरलेलो नाही. विसरल्यासारखं केलं.

तो गुरुवार होता. आईच्या खोलीबाहेर टेबलावर मी नवीन मशीन उघडून बसलो होतो. हल्लीच्या बोर्डांवर च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी थेट बोर्डावरच आडवी बसते, तशी एक मी घातली होती, विंडोज तिच्यावर. बाबांची हार्डडिस्क जुन्या पद्धतीची, तिला वायर लागते. वायर जोडायला बोर्डावर सहा पॉइंट असतात. चार आत, आणि पाच-सहा नंबरचे कडेला, हाताशी येणारे. माझ्याकडची वायर आखूड होती, म्हणून मी कडेचा पाच नंबरचा घेतला. मशीन सुरू केलं. नवी पट्टी दिसली, बाबांची हार्डडिस्क दिसेना. बंद करून परत केलं, नाही. वायर बदलली, नाही. पॉइंट मात्र बदलला नाही. हार्डडिस्कवर हात ठेवला तर आत ती फिरत होती, बारीक थरथर लागत होती, खटखट आवाज नव्हता. मेलेली हार्डडिस्क खटखटते, हे मी दुकानात कुणालाही सांगतो. त्या दिवशी स्वतःला सांगितलं नाही. माझ्या मागे चर्चचे पाळकसाहेब उभे होते, शेजारचे होते, आत आई दर दहा मिनिटांनी विचारत होती, झालं का रे. आणि तेव्हा तू म्हणालीस, दादा, दुसऱ्या मशीनला लावून बघ ना, नाहीतर पुण्याला नेऊ.

मी तुला काय म्हणालो ते तुला पाठ असेल. तू नर्स आहेस, मी तुला सलाईन लावायला शिकवतो का? हार्डडिस्क काय भाजीची पिशवी आहे, एसटीत आदळत आणायला? मेली ती, तूच मारलीस. एवढ्या मोठ्याने म्हणालो, की आत आईने ऐकलं. माणूस स्वतःचं चुकतंय असं वाटायला लागलं की दुसऱ्याचं नरडं धरतो, तसं झालं. तू गोधडीची घडी केलीस आणि आत आईच्या पायाशी जाऊन बसलीस.

गुरुवार ते रविवार तीन दिवस होते, दया. दुकानात चार मशीन होती. स्टँडसमोरच्या भिमाजीकडे हार्डडिस्क बाहेरून यूएसबीला जोडायचा डॉक होता, पाच मिनिटांवर. मी गेलो नाही. मेली असं एकदा चारचौघांत म्हणून बसलो होतो, आता चालू निघाली तर तोंड कुठे लपवू, हा विचार माझ्या मनात आला होता. आई ते पाण्याचं वाक्य न ऐकताच रविवारी सकाळी गेली. मग आईने सांगितलंय एवढंच म्हणून मी ती हार्डडिस्क चंदेरी पिशवीत घातली, टेप मारला, बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि डबा शवपेटीत तिच्या उजव्या हाताशी. तू माझ्याकडे बघत होतीस. का, असं तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर तू निघालीस, ती आजतागायत शेवगावला आली नाहीस.

या मार्चमध्ये बोधेगावचा गोरक्ष आला, फोटो स्टुडिओवाला. त्याला नवीन मशीन हवं होतं आणि जुन्या लग्नांच्या दोन हार्डडिस्क त्यात बसवायच्या होत्या. बोर्ड अगदी तोच. मी पट्टी घातली, जुन्या हार्डडिस्क कडेला पाच आणि सहाला जोडल्या, दोन्ही दिसेनात. मी म्हणालो, गोरक्ष, मेल्या दोन्ही. तो मला हसला. म्हणाला, यशयाभाऊ, काल माझ्याकडं चालू हुत्या की, पुस्तक तरी बघा. बोर्डाच्या खोक्यात एक पुस्तक येतं. पंचवीस वर्षांत मी कधी उघडलं नाही, ते शिकाऊंसाठी असतं असं माझं मत. गोरक्षने उघडलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. ती पट्टी अमुक खाचेत बसवली, की पाच आणि सहा नंबरचे पॉइंट बोर्ड स्वतःच बंद करतो. बारीक अक्षरात एक ओळ. मी वायरी काढून एक आणि दोनला लावल्या. दोन्ही दिसल्या, लग्नाचे फोटोसुद्धा दिसले.

गोरक्षला चहा सांगून मी मागे संडासात जाऊन बसलो. संध्याकाळी घरी येऊन आईच्या खोलीतलं मशीन उघडलं. वायर अजून पाचलाच लोंबत होती. तिला दुकानातली चांगली हार्डडिस्क लावली, दिसली नाही. एक नंबरला लावली, दिसली. बाबांची आता हातात नाही, त्यामुळे शपथेवर काही सांगता येत नाही. पण माझी खात्री आहे, ती धडधाकट होती. तू ती धडधाकट आणून दिली होतीस.

पाळकसाहेबांकडेही जाऊन आलो. कबर उघडता येईल का, विचारलं. ते म्हणाले, सरकारी परवानगी लागेल ते वेगळं, पण यशया, तू आईला कशासाठी उठवणार, तुझ्याच मनाच्या शांतीसाठी ना? मी घरी निघून आलो. बाबांचा आवाज तिथेच राहणार, आणि तो तिथे माझ्यामुळे आहे. परवाच्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि तीच माणसं बसलेली असताना हे सगळं सांगितलं. तुझी वहिनी रडली, घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिने.

मार्चपासून हे मला ठाऊक आहे आणि आता जुलै चालू आहे. चार महिने गप्प बसलो, पुढेही बसलो असतो. पण गेल्या आठवड्यात निकिताचा फोन आला, तुला न सांगता केलेला, तिला रागावू नकोस. म्हणाली, मामा, आई अजून एसटीत बसली की मांडीवर काही घेत नाही, आणि म्हणते की आजीने तिला माफ केलं नाही, म्हणून जाताना ती डिस्क सोबत घेऊन गेली. दया, शनिवारी सकाळी तू चूल बघायला गेलीस तेव्हा आईने मला जवळ बोलावलं होतं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो. “यशया, ती डिस्क माज्यासंगं पेटीत टाक. हितं राहिली तर दया जवाजवा यील तवा तिला दिसंल, आन पोरगी जिवाला लावून घील. मांडीवर घिऊन आली हुती रं ती. तिला काय बोलू नको.” मी बरं म्हणालो. तुला मात्र हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला तुझी माफी मागावी लागली असती.

तुझाच,
यशयादादा