गुटीच्या आत राहिलेली साल

आबा, यंदा पेरूच्या तीस गुट्या बांधल्या, त्यातल्या एकवीस वाया गेल्या. तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतं, म्हणून आधी सांगून टाकतो. राहात्याच्या अंगाला आता मोठमोठ्या रोपवाटिका झाल्यात, तरी आपल्या जुन्या झाडांची रोपं मीच करतो. फांदीची दोन बोटं साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक आवळायचं आणि आत मुळ्या दिसायची वाट बघायची. एवढंच काम माझ्याकडं उरलंय, बाकी सगळं सूनबाई बघते. हेही गेलं तर मी ओट्यावर बसायचा, आणि ओट्यावर बसलेली माणसं फार दिवस बसत नाहीत, हे मी गावात बघतोय. म्हणून त्या एकवीस गुट्या कापून गुपचूप उकिरड्यात पुरल्या.

माझं नुकतं लग्न झालं होतं, तेव्हाही मी हेच केलं होतं. पहिल्या वर्षीच्या बाराच्या बारा गुट्या फुकट गेल्या आणि तुम्ही यायच्या आत मी त्या पाटात सोडल्या. तुम्ही धोतर खोचून पाण्यात उतरलात, सापडल्या तेवढ्या ओल्याच ओट्यावर आणून टाकल्यात. आई म्हणाली, "मढी कशाला आणली दारात?" नवी नवरी दाराआडून बघतेय. मला वाटतंय, आता पाठीत बसणार. पण तुम्ही खाली बसता आणि म्हणता, "एकेक सोड. काय चुकलं ते गुटीलाच इचार. फेकल्या तर म्होरल्या वर्षी हेच करशील." कुठं चाकू लाकडात गेलेला, कुठं सालीचा दोरा राहिलेला, म्हणून मुळीच फुटलेली नाही. तुम्ही माझं नख धरून फांदीभोवती फिरवलंत, "डोळ्याला दिसत न्हाई ते नखाला कळतं." पुढच्या वर्षी दोनच गेल्या.

पण आबा, तेव्हा पुढं वर्षं होती. आता चूक सोडून बघायची म्हटलं की आत काय निघेल याचीच धास्ती वाटते. साखरेनं माझी बोटं वर्षभर बधिर आहेत. नखाला काही कळत नाही. चहाची कपबशीसुद्धा डोळ्यांनी बघून धरतो. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

काल सूनबाई उकिरड्यातलं खत भरत होती. "मामा, हे काय पुरलंय?" मी म्हणालो, "किडकं हुतं." "किडकं कुठं? चांगल्या फांद्या हायेत की!" आणि तिथंच फतकल मारून तिनं गुट्या सोडायला घेतल्या. "मामा, समद्यांत खालच्या अंगालाच साल राहिलीया बघा. वरून निस्ती तोंडाला पावडर लावल्यागत झ्याक." ती हसली. मला हसता आलं नाही. मग म्हणाली, "उद्या चार फांद्या तुमी सोला, मी शेजारी बसते. कुठं हुकतंय ते तरी कळंल. मला बी शिकायचंय."

तिचं ‘उद्या’ म्हणजे आज. ती धारा काढून येईल. चाकू हातात घ्यायच्या आधी तिला बोटांचं सांगायचंय. सकाळपासून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहाच मागितला. खरं सांगायचं तर हे पत्र तुमच्यासाठी नाहीच, आबा. ते बोटांचं वाक्य मला एकदा लिहून बघायचं होतं.