मीराला मी अडवलं

शनिवार, १४ जून २०१४. बेडोक.

आज सूड घेतला. सीनियर टीमच्या कोचने माझ्याकडे मीरा मागितली. माझ्या ज्युनियर टीमची फॉरवर्ड, तीन वर्षं मी घडवलेली. याच माणसाने मला एकदा सगळ्यांदेखत ‘तू बेंचवरच बरी’ म्हणून टीममधून काढलं होतं.

म्हटलं, “कच्ची आहे अजून. पुढच्या वर्षी बघू.” चेहरा उतरला त्याचा. काय गार वाटलं!

पण मीरा मागेच उभी होती.

“कोच, मी कच्ची आहे?”

“हो.”

रडली नाही. नुसती बघत राहिली. ती नजर मी ओळखते. त्या दिवशी मीही त्याच्याकडे तशीच बघत होते.

तरी त्याला फोन करून शब्द मागे घेणार नाही. का घेऊ?