मनोऱ्यावरचा कलश

अप्पा, कलश काढून तुमचा जर्मन मनोरा मी कुणालाही देणार नाही. ज्या म्हाताऱ्या साहेबांसाठी तुम्ही तो केलात, त्यांच्या मुलीचं पत्र आलंय. वडिलांच्या वहीत तिला आपला पत्ता आणि कलशाची नोंद सापडली. त्यांच्या गावात त्या पाडलेल्या मनोऱ्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरतंय. टेकडीवर आता नुसतं गवत आहे, म्हणून तुमची प्रतिकृती हवी आहे. फक्त माथ्यावरचा कलश काढून पाठवा, मूळ मनोऱ्यावर तो नव्हता, असं ती लिहिते. माझी लेक तिच्या तमिळमिश्रित मराठीत म्हणाली, "एक सुरी फिरवली की झालं, अम्मा. सरी ना?" मी तिच्यावर इतकी भडकले की ती उठून आत गेली.

साहेब आले तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेत चित्रकला शिकवून घरी आलात की तुम्ही भेंडाच्या पांढऱ्या, मऊ गाभ्याचं कोरीव काम करायचात, इथं तंजावरात सगळे त्याला नेट्टी म्हणतात. तुम्ही भेंडात कोरलेलं मोठं देऊळ बघायला कुणीतरी साहेबांना आपल्या घरी आणलं. ते झोपाळ्यावर बसलेत, कॉफी निवतेय, आणि ते एक पुसट फोटो तुमच्यापुढे धरतात, हुबेहूब असा करून द्या म्हणून. गावाने एका जुन्या मुत्सद्द्याच्या आठवणीसाठी टेकडीवर दगडी मनोरा बांधला होता. माथ्यावर मोठी लोखंडी कढई, त्याच्या वाढदिवशी तीत जाळ करायचे. पुढे राज्य बदललं, नवे लोक मशाली घेऊन वर चढू लागले. एकदा त्याच जाळावर मशाली पेटवून ते खाली उतरले आणि साहेबांच्या ज्यू शेजाऱ्यांचं दुकान जाळलं. ते शेजारी पुन्हा कधी दिसले नाहीत. लढाई हरत आली तेव्हा त्यांच्याच सैनिकांनी मनोरा सुरुंग लावून उडवला, शत्रूला टेहळणीसाठी मिळू नये म्हणून. दगड लोकांनी घरं बांधायला नेले. "त्या दिवशी एक मशाल माझ्याही हातात होती, मी नऊ वर्षांचा होतो," साहेब म्हणाले. तुमची सुरी थांबली होती.

महिन्याने साहेब परत येणार होते. तुम्ही एकेक दगड सुरीच्या टोकाने कोरलात, आणि माथ्यावरच्या कढईत कलश बसवलात. मी आठवीत, म्हणजे सगळं कळणारी. "अप्पा, फोटोत कलश नाही."

"मज शिकवू नको गे. जिथनं आग उतरली तिथं पाण्याचं भांडं ठेवलों."

साहेब येण्याच्या दिवशी सकाळी आपण बघतो तर कलश गायब. "उंदीर नेलासेल," तुम्ही अम्माला म्हणालात. साहेबांनी बिनकलशाचा मनोरा बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. हुबेहूब, हुबेहूब, म्हणत राहिले. तुम्ही त्यांना म्हणालात, "थोडं थांबा, काम अपुरं आहे," आणि त्यांच्यासमोर बसून दुसरा कलश कोरलात. आता तो नको, असं त्यांनी परोपरीने विनवलं. तुम्ही नाही म्हणून मान हलवत राहिलात. शेवटी मनोऱ्याला नुसता हात लावून ते तो न घेताच गेले. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. कोण कुठला मनोरा, त्याच्यासाठी एवढा हट्ट? चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

नंतर मी कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला. फोटोत आहे तेच खरं, पदरचं काही घालायचं नाही, हे मुलांना दरडावून सांगितलं. तरीही आज त्या प्रदर्शनवाल्यांना ठणकावून लिहिलंय: मनोरा येईल तर कलशासकट येईल, आणि त्याच्या बाजूला त्या जळलेल्या दुकानाची हकीगत लावावी लागेल. मला अडाणी म्हणा, खुशाल म्हणा. मनोरा कसा दिसत होता ते त्यांचा फोटो दाखवतोच. त्याची गोष्ट ऐकून तंजावरातल्या एका ड्रॉइंग मास्तराने काय केलं, तेही लोकांनी बघावं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

हे तुम्ही शिकवलेल्या देवनागरीत लिहितेय. लेकीला बोललेलं कळतं, वाचता येत नाही, म्हणून हे पत्र मनोऱ्याच्या काचपेटीत ठेवलं तरी चालेल. सोबत माझी जुनी कंपासपेटीही ठेवतेय. तीत तुमचा पहिला कलश आहे, पिवळा पडलाय, पण अख्खा आहे. साहेब खूश व्हावेत म्हणून तुमच्याच सुरीने कापला होता. अप्पा, तो उंदीर मी होते.