तिसरी ताटली

माय,

तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे माझ्या मुलीला तू पाहिलंच नाहीस. चार वर्षांची आहे. नाक तुझं घेतलंय आणि हट्टात तर तुला सव्वाशेर आहे.

तिला मोजायला शिकवायचं तर मला तुझीच पद्धत येते. मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर दिवसभर देठ खुडून तू घरी यायचीस तेव्हा तुझे हात मनगटापर्यंत भगभगत असायचे. कितीही धुतले तरी ती आग जायची नाही, म्हणून तू मला जवळ घ्यायची नाहीस, गालाला बोट लावायची नाहीस. चुलीपुढे बसून नुसते हुकूम सोडायचीस, "चार कांदा आन. आते दोन ठेवी दे. कितला उरनात?" कांदे, वाट्या, चिंचोके, काही सुटायचं नाही. मला तो खेळ वाटायचा. लाड करायची ती तुझी रीत होती, हे पुष्कळ उशिरा कळलं.

आणि मोजताना कधी एकपासून सुरुवात करू द्यायची नाहीस. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात, तसंच घरातही, "लाभ, दोन, तीन." शाळेत पहिल्याच दिवशी मी मोठ्या तोऱ्यात "लाभ" म्हणालो आणि गुरुजींसकट सगळा वर्ग हसला. मी रडकुंडीला येऊन तुझ्याशी भांडलो. तू भाकर उलटत म्हणालीस, "शाळामा एक म्हन. घरमा लाभच म्हन."

जेवायच्या ताटल्या मांडणं माझं काम होतं. आबांची, तुझी, माझी. आबा काविळीने गेले, त्यानंतर पहिल्यांदा घरात चूल पेटली त्या संध्याकाळीही मी तीन मांडल्या. तू पाहिलंस. "तीन नही. आते आपन दोनच शेतस. उचल ती." मी हललो नाही तेव्हा परात बाजूला सारून तू माझ्यावर ओरडलीस. मी ताटली फळीवर ठेवून आलो. फार राग आला होता मला तुझा. पोराला थोडे दिवस तरी चुकू द्यायचं होतंस, असं मोठेपणीही वाटायचं.

आता मी एसटीत वाहक आहे. दिवसभर शहादा-प्रकाशा गाडीत माणसं मोजतो, अर्ध्या तिकिटाची पोरं मोजतो, आणि सहसा चुकत नाही. संध्याकाळी घरी आलो की मुलगी ताटल्या मांडते. "लाभ, दोन, तीन." गेल्या पावसाळ्यात तिची आई तापाने गेली. तरी तीनच. मी तिसऱ्या ताटलीत भाकर वाढतो आणि सकाळी ती गाईला घालतो. सासूबाई शेजारच्या गल्लीत राहतात, दिवसा पोरीला त्याच सांभाळतात. परवा घरी जायला निघताना त्यांनी त्या ताटल्या पाहिल्या. उंबऱ्यातच थांबल्या. "बापू, मन्ही पोर गयी. नातले खरं सांगी द्या." जिची मुलगी गेली ती बाई हे म्हणते, आणि मला तोंड उघडता येत नाही. तू ते एका संध्याकाळीच कसं उरकलंस, माय? की त्या दिवशी नाही जमलं तर पुढे आपल्यालाच जमणार नाही, अशी तुला धास्ती होती?

आज मी डाळीला फोडणी देत होतो. मागे पोरीचं ताटल्या मांडणं चाललं होतं. "लाभ, दोन," म्हणाली आणि पाण्याचे पेले आणायला गेली. पेलेही दोनच आणले. तिला आजीने सांगितलं की तिचं तिलाच कळलं, मी विचारलं नाही. सुटलो, असं वाटायला हवं होतं. मी गॅस बंद केला, फळीवरून तिसरी ताटली काढली आणि तिच्या शेजारी मांडली. तिने ताटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "पप्पा, तुन्हं चुकनं. परत मोज."

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही तेच बरं, तू ओरडली असतीस. मी परत मोजल्या, माय. माझ्या तीनच भरल्या.